दुर्गादेवीचा दुष्काळ आणि दामाजीपंतांचे धान्य

दख्खनच्या इतिहासात दोन दुष्काळ त्यांच्या नावांमुळे लक्षात राहिले आहेत. पहिला इ. स. १३९६ ते १४०७ या काळातला. बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते तो हा दुष्काळ ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो. दुसरा इ. स. १४६० च्या सुमाराचा. त्याला म्हणतात ‘दामाजीपंतांचा दुष्काळ’. एकाला देवीचे नाव, दुसऱ्याला मंगळवेढ्याच्या एका अधिकाऱ्याचे. लोक आपत्तीला नाव देतात तेव्हा त्या नावात त्यांनी लावलेला अर्थही असतो. इथे तो कोणता असावा?

पूर्वीच्या लोकांना निसर्गाचे नियम ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी देव कल्पिले, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हे चूक नाही, पण अपुरे आहे. नियम ठाऊक नसतानाही शेती चालू होती, पिके निघत होती, बियाणे राखले जात होते. म्हणजे बरेच काही ठाऊकही होते. जे ठाऊक होते आणि जे नव्हते, त्या दोहोंची वाटणी पुराणकथांमध्ये कशी झाली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. सोलापूर जिल्ह्याच्या आधाराने आम्ही एक विचार मांडणार आहोत. पिकांशी जोडलेल्या देवता आणि पिकांशी जोडलेले नायक यांची कामे वेगवेगळी असतात. जे माणसाच्या हाती नाही ते देवीच्या वाट्याला येते, आणि जे माणसाला करता येण्याजोगे आहे ते नायकाच्या. ही वाटणी कितपत टिकते ते आपण तपासून पाहू.

पाऊस थोडा, माती खोल

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणून भारी जमिनीचा शेतकरी मृगावर फार विसंबत नाही; त्याचे लक्ष उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांकडे असते. पावसाळ्यात रान मोकळे ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या घालून पाणी मुरवायचे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरायची, ही इथली रीत. या रब्बी ज्वारीलाच शाळू म्हणतात.

पेरणीनंतर पाऊस जवळजवळ थांबतो. पुढचे चार महिने पीक जगते ते जमिनीत साठलेल्या ओलीवर. मीटरभर खोल भारी काळ्या मातीत पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावते. या मातीतील चिकणखनिजे पाणी घेऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. त्यामुळे मार्गशीर्षात रानाला भेगा पडू लागतात, आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. नेमक्या याच वेळी ज्वारी पोटरीतून निसवते, फुलोऱ्यात येते आणि दाणा भरू लागतो. पिकाची गरज सर्वांत मोठी, आणि शिल्लक सर्वांत कमी.

हे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून सणांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरी नवरात्र, आणि संक्रांतीच्या सुमारास सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. पिकाशी नाते सांगणारे हे तिन्ही प्रसंग महिनाभराच्या अंतरात येतात, आणि तो महिना शाळूचा दाणा भरण्याचा आहे.

काळी आई

वेळ अमावास्या ही सोलापूर, धाराशिव, लातूर आणि शेजारच्या कर्नाटकातील शेतकऱ्यांची. त्या दिवशी गाव ओस पडते आणि रान माणसांनी भरते. ज्वारीच्या कडब्याची कोप उभारतात. आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात, ते पांडव. त्यांच्यापुढे पूजा होते ती काळ्या आईची. नैवेद्याला अनेक भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेले आंबील असते. मग ते आंबील मोठ्याने हाकारे देत शेतभर शिंपडतात. पीक पोटरीत असताना जमिनीला भरवणे, ही कल्पना गरोदर लेकीचे डोहाळे पुरवण्यासारखी आहे. पाऊस सरलेला आहे आणि ओल आटत चालली आहे, अशा दिवसांत शेतावर काहीतरी ओले शिंपडावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. त्या आंबिलाने जमिनीच्या ओलीत मोजण्याइतका फरक पडत नाही. पण अडचण कुठे आहे, यावर विधीने बोट अचूक ठेवले आहे.

त्यानंतर आठवडाभरातच शाकंभरीचे नवरात्र बसते. सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरांवर असलेल्या तुळजापुरात ते मोठ्या प्रमाणावर साजरे होते. बदामीजवळची बनशंकरी हेही शाकंभरीचेच रूप, आणि ती सोलापुरातील अनेक कुटुंबांची कुलदेवता आहे. शाकंभरीचा उल्लेख देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात येतो. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही तेव्हा आपण प्रकट होऊ आणि पुन्हा पाऊस येईपर्यंत आपल्याच देहातून उगवलेल्या भाजीपाल्यावर जगाला जगवू, असे देवी तिथे सांगते. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. ही देवी अवर्षणात जन्मते, सुबत्तेत नव्हे. आणि ती तरारलेले धान्याचे पीक देत नाही. पाऊस येईपर्यंत तग धरण्यापुरती भाजी देते. दुष्काळात माणसे रानातला पाला, कंद, फळे यांवर दिवस काढतात, तो अनुभव या कथेमागे असावा असे आम्हाला वाटते.

देवीचा असा संबंध किती जुना आहे? याचे थोडे उत्तर भीमेच्याच खोऱ्यात, वरच्या अंगाला मिळाले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नावांशी हे काम जोडलेले आहे. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वस्ती. तेथील एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणदार पेटी सापडली. पेटीत कच्च्या मातीची, डोके नसलेली स्त्रीमूर्ती होती, आणि पेटीवर दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला छिद्रे होती. काडी घातली की मूर्ती बैलावर बसवता येई.

ही मूर्ती अनेक पुस्तकांतून छापली गेली. तितकी प्रसिद्धी न मिळालेल्या आणखी दोन गोष्टी त्याच वस्तीत होत्या. एक, गावच्या प्रमुखाच्या मानल्या गेलेल्या मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार. दुसरी, नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध आणि पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी देवी, कोठार आणि पाट या तिन्ही गोष्टी एकाच गावात होत्या. जमिनीखाली देवी पुरणारा माणूस पाट खोदायचे विसरला नव्हता.

पृथ्वी बी गिळते तेव्हा

आता नायकांकडे वळू. आपल्या पुराणांतील पहिला शेती-नायक म्हणजे पृथू. त्याच्या काळी दुष्काळ पडला, प्रजा उपाशी मरू लागली. पृथ्वीने सगळ्या वनस्पती आणि बी स्वतःच्या पोटात दडवून ठेवले होते. पृथू धनुष्य घेऊन तिच्यामागे धावला. ती गायीचे रूप घेऊन पळाली, शेवटी शरण आली आणि म्हणाली, वासरू आण, धार काढ, जमीन सपाट कर. पृथूने धनुष्याच्या टोकाने डोंगर बाजूला सारले, जमीन सारखी केली आणि पृथ्वीची धार काढली. तिला ‘पृथ्वी’ हे नाव त्याच्यावरून मिळाले, असे पुराणे सांगतात.

या कथेत वाटणी स्पष्ट दिसते. देणे आणि रोखून धरणे हे पृथ्वीकडे. जमीन सपाट करणे आणि धार काढणे हे पृथूकडे. रोखून धरलेले मोकळे करणे, हे नायकाचे काम. आता हाच साचा सोलापूर जिल्ह्यातील दोन ऐतिहासिक व्यक्तींना लावून पाहू.

बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धराम हे सोलापूरचे, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलिगेचे. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे ते समकालीन. त्यांची कन्नड वचने उपलब्ध आहेत आणि कवी राघवांकाने त्यांचे चरित्रकाव्य रचले. सोलापूरचे तळे त्यांनी आपल्या अनुयायांकडून खोदून घेतले, असे परंपरा सांगते. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात तेव्हाचा प्रसंग आहे. तळ्याचे काम चालू होते. ‘ओड्ड सिद्धराम’, म्हणजे मातीकाम करणारा सिद्धराम कुठे आहे, असे अल्लमांनी विचारले. त्यावर चिडून मजुरांनी त्यांना दगड मारले. पुढे दोघांचा वाद होतो आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला जातात. तळे खोदणे हे साधुत्वाचे काम आहे की साधनेच्या वाटेतला अडथळा, हा तो वाद. तत्त्वज्ञानात अल्लमांची बाजू वरचढ ठरली. लोकांच्या स्मरणात मात्र सिद्धराम तळ्यासह राहिले. आजही त्यांचे मंदिर पाण्याच्या मधोमध आहे. अवर्षणाच्या मुलखात पाणी अडवणाऱ्याला देवपण मिळावे, यात नवल नाही.

दुसरे दामाजीपंत. पंधराव्या शतकात मंगळवेढे बीदरच्या बहमनी राज्यात होते आणि दामाजीपंत तेथील अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. बादशहाने त्यांना बोलावून घेतले. ते पोहोचण्याआधीच विठोबा विठू महाराच्या रूपाने बीदरला गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन आला. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या ग्रंथात ही कथा आहे.

या कथेतला चमत्कार कुठे आहे ते नीट पाहावे. धान्य चमत्काराने उगवत नाही. रिकामे कोठार आपोआप भरत नाही. पाऊसही पडत नाही. धान्य आधीपासून कोठारात होतेच. चमत्कार होतो तो हिशेब चुकता करण्यापुरता. उपासमार धान्याच्या अभावाने होत नाही, धान्य भुकेल्यापर्यंत न पोहोचल्याने होते, ही जाणीव या कथेच्या मुळाशी आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाच्या आकड्यांवरून जे दाखवले, त्याच्याशी ही जाणीव जुळते.

आता आरंभीचे कोडे सुटायला मदत होते. ज्या दुष्काळात कोणाला काहीच करता आले नाही, त्याला देवीचे नाव राहिले. ज्यात कोणीतरी काहीतरी केले, त्याला त्या माणसाचे.

इतरत्र काय दिसते?

एखादा विचार एकाच मुलखात तपासला तर तो योगायोगही असू शकतो. म्हणून थोडे दूर जाऊ. प्राचीन ग्रीसमध्ये धान्याची देवी दिमीतर. तिच्या मुलीला पाताळाचा राजा पळवून नेतो, तेव्हा शोकाने दिमीतर बी जमिनीत दडवून ठेवते आणि काही उगवू देत नाही. पुढे मुलगी वर्षाचा काही काळ वर येऊ लागते आणि पिके परततात. पण नांगरट व पेरणी माणसांना शिकवत फिरणारा नायक वेगळा आहे, त्रिप्तोलेमस. पृथ्वी आणि पृथू यांची ही जोडी दुसऱ्या भूमीत भेटावी, हे विचार करण्याजोगे आहे.

सगळीकडे असेच असते का? नाही. इंडोनेशियातील सेराम बेटावर हैनुवेले नावाच्या मुलीची कथा आहे. लोक तिला मारतात, तिच्या देहाचे तुकडे जागोजागी पुरतात, आणि त्या तुकड्यांतून कंद उगवतात. जर्मन अभ्यासक आडोल्फ येन्सेन यांनी ही कथा १९३० च्या दशकात नोंदवली. इथे कोणी नायक नाही. पण कथेचा आकार पिकाला धरूनच आहे. कंदाचे पीक तुकडे करून पुरले तरच वाढते. धान्याचे बी मात्र अखंड जमिनीत जाते आणि वर येते. कंद पिकवणाऱ्यांची कन्या तुकड्यांनी पुरली जाते, धान्य पिकवणाऱ्यांची कन्या पाताळात जाऊन परत येते. कंद जमिनीतून लागतील तसे काढता येतात, त्यामुळे मोठी कोठारे लागत नाहीत. कोठारच नसेल तर ते उघडणारा नायक तरी कशाला लागेल? एवढ्या थोड्या उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. तरी पुढे तपासण्यासारखा प्रश्न मात्र हाती येतो.

अशा तुलनेत एक धोका असतो. सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीला होमविधी होतो. सिद्धरामांशी विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येची कथा त्यामागे आहे. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाह करू दिला, असे सांगतात. भोगीच्या दिवशीचा अक्षता सोहळा त्या विवाहाचा. होमात तिचे प्रतीक म्हणून ताटांच्या पेंढीला साडी-चोळी व अलंकार घालून अग्नीला अर्पण करतात. युरोपातही कापणीतली शेवटची पेंढी स्त्रीच्या वेषात सजवण्याची चाल होती. विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाने १८६५ मध्ये प्रश्नावली पाठवून अशा चालींची माहिती गोळा केली, आणि पुढे जेम्स फ्रेझर यांनी १८९० च्या आपल्या ‘गोल्डन बाऊ’ या ग्रंथात ती जगभरच्या उदाहरणांशी जोडली. पण दोन विधी सारखे दिसतात म्हणून त्यांचे मूळ एकच, असे म्हणता येत नाही. पक्षी आणि वटवाघूळ दोघांनाही पंख असतात, तरी ते निरनिराळ्या वाटांनी आले आहेत. सोलापूरकरांसाठी तो सिद्धरामांच्या विवाहाचा सोहळा आहे, आणि त्याचा अर्थ आधी तिथेच शोधायला हवा.

ज्वारीही पाहुणीच

पिकांच्या देवतांना आपण अनादी समजतो. वनस्पतीशास्त्र वेगळे सांगते. ज्वारी माणसाळली ती आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या पूर्व भागात, त्याचे इ. स. पू. ३००० च्या सुमाराचे पुरावे मिळाले आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातली. हरभरा आग्नेय तुर्कस्तानच्या बाजूचा. मिरची आणि भुईमूग तर अमेरिकेतून, इ. स. १५०० नंतर आले. म्हणजे वेळ अमावास्येच्या भज्जीत तीन खंड एकत्र शिजतात. इनामगावात तर मुख्य पीक जव, म्हणजे सातू होते.

याचा अर्थ परंपरा खोटी आहे असा नाही. तिने नवे पीक आपलेसे केले, एवढाच आहे. देवीला विशिष्ट धान्याचा आग्रह नाही. जमिनीत जे टिकते ते तिचे. आणि जमिनीत काय टिकते हे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आले आहे. सोलापूर-मंगळवेढ्याच्या रानातले मालदांडी हे असेच निवडीतून टिकलेले स्थानिक वाण. त्यातून १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निवडले गेले, आणि रब्बी ज्वारीत पुढे अनेक दशके त्याची बरोबरी करणारे वाण मिळणे अवघड गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कोणते कणीस बियाण्यासाठी बाजूला ठेवायचे हे ठरवणाऱ्या त्या असंख्य हातांना, ज्यांत बायकांचे हात अधिक होते, कथेत नाव नाही. तळे खोदणाऱ्या मजुरांनाही नाही.

विधी आणि प्रयोग

काही विधींचे वर्णन ‘पूर्वजांचे विज्ञान’ असे केले जाते. हा दावा तपासून पाहायला वर्गाइतकी चांगली जागा नाही. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले घटस्थापनेचे. नवरात्रात शेतातल्या मातीत धान्य पेरून, वर घट ठेवून, नऊ दिवस पाणी घालतात. ही बियाण्याची उगवण-चाचणी होती, असे सांगतात. त्यात तथ्य असू शकते, पण दोन अडचणी आहेत. सोलापूर भागात नवरात्र येते तोवर अनेकदा पेरणी सुरू झालेली असते; मग चाचणीचा निकाल उशिराचा ठरतो. शिवाय चाचणी म्हणायचे तर मोजणी हवी. किती दाणे पेरले आणि किती उगवले, हे घटात कोणी मोजत नाही. मोजले की मात्र तीच कृती प्रयोग होते. ज्वारीचे शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवावेत. चौथ्या आणि दहाव्या दिवशी मोड मोजावेत. प्रमाणित पद्धतीत ज्वारीसाठी हेच दोन दिवस धरतात. आपल्याकडे प्रमाणित ज्वारी बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. विद्यार्थ्यांनी घरातल्या कणगीतले आणि दुकानातले बियाणे अशा रीतीने शेजारी शेजारी तपासावे.

दुसरे वासराच्या भाकणुकीचे. सिद्धेश्वर यात्रेत होमविधीनंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ आणि इतर जिन्नस ठेवतात. ते कशाला तोंड लावते, कसे वागते, यावरून पुढच्या वर्षाचा पाऊस व भाव सांगितले जातात. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय तृतीयेच्या सुमारास घटाभोवती धान्ये मांडून असेच भाकीत करतात. श्रद्धेची चेष्टा न करता त्याची परीक्षा घेता येते. भाकीत होताच तारखेसह लिहून ठेवावे: पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढेच. वर्षअखेरीस जिल्ह्याचा आकडा पाहावा. दहा वर्षांत सात वेळा भाकीत खरे ठरले तर ते प्रभावी वाटेल. पण नुसते नाणे उडवूनही दहापैकी सात किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. हे गणित दहावीचा विद्यार्थी करू शकतो. आणि ‘पाऊस मध्यम राहील’ असे भाकीत असेल तर ते मुळात तपासता येते का, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे.

विधी आणि मोजमाप यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटले आहे. सीता म्हणजे नांगराचे तास. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात तिला देवता मानून प्रार्थना केली आहे. अर्थशास्त्राच्या त्याच प्रकरणात पेरणीच्या वेळी सीतेची प्रार्थना सांगितली आहे, आणि कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो त्याचे आकडेही दिले आहेत: अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश. प्रार्थना करणारा आणि पाऊस मोजणारा अधिकारी एकच होता.

नायकाचे काम संपलेले नाही

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा फार होरपळला. पावसाने ओढ दिली यामागे प्रशांत महासागराच्या तापमानातले बदल होते, हे आज कळते. १८७७-७८ चा एल निनो अतिशय तीव्र होता. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला होता. या दुष्काळानंतर त्याच्याकडे मोसमी पावसाच्या अंदाजाची मागणी झाली आणि १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी पहिला अधिकृत अंदाज दिला. पण त्या वर्षांत देशातून धान्याची निर्यातही चालू होती. कोठार होते, दामाजी नव्हता.

नंतरच्या काळात ही भूमिका संस्थांनी उचललेली दिसते. १८७१ मध्ये सोलापूरजवळ एकरुखचा तलाव पुरा झाला. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बांधबंदिस्ती, विरळ पेरणी आणि भेगा बुजवणारी कोळपणी यांची शिस्त बसवली. जमिनीतली ओल राखणे हेच या सगळ्याचे सूत्र. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर गेली, त्यांना मजुरी मिळाली, परदेशातून आलेला तांबडा मिलो वाटला गेला. मिलो म्हणजे ज्वारीच. हाल झाले, पण जुन्या दुष्काळांसारखे मृत्यूचे थैमान टळले. रोजगार हमीचा कायदा त्या अनुभवातून पुढे आला.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जिल्ह्याचे चित्र बदलले. ऊस वाढला. सिद्धेश्वर आणि दामाजी या दोघांच्याही नावांनी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पाणी अडवणाऱ्याचे आणि धान्य वाटणाऱ्याचे नाव सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला मिळाले, याकडे दोष देण्यासाठी नव्हे, तर विचारासाठी पाहावे. उसाने अनेकांच्या घरी पैसा आणला, हेही खरे आहे. मात्र साठवण कोणासाठी आणि ती उघडायची कधी, हा कथेतला प्रश्न धरणाच्या पाण्याबाबतही तसाच उभा आहे.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मानहार्टने केले तसे आपल्या वर्गाकडून करून घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत: आपल्या रानात कोणत्या देवतेची पूजा होते, कोणत्या दिवशी, तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत असते, आणि पन्नास वर्षांपूर्वी त्याच रानात कोणते पीक होते. उत्तरे एका तक्त्यात मांडावीत आणि शेजारी पावसाचे महिनावार आकडे लिहावेत. तक्त्यात जिथे सण आहे पण ते पीक राहिलेले नाही, अशा ओळी वेगळ्या काढाव्यात आणि पुढचा तास त्यांच्यावर घ्यावा.